चिकूखालचा पाला

फोनवर सांगायला गेले की मध्येच तुमचा आवाज तुटतो आणि गोष्ट अर्धी राहते. म्हणून आपल्या चिकूच्या बागेचं काय झालं ते पहिल्यापासून नीट लिहून काढते.

बाग कोडोलीच्या अलीकडे, ओढ्याला लागून आहे. भोवतीचं सगळं रान उसाचं. तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, लग्न झालं त्या वर्षी ती लावली. रोपं त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली होती, आणि पहिला उन्हाळा दोघा नवरा-बायकोंनी घागरीनं पाणी घालून ती जगवली. त्यामुळे गेल्या वर्षी धाकटी आजी मला म्हणाली, "दिवाळी झाली की ह्ये जेसीबी लावून बाग पाडणार म्हणत्यात, आक्का," तेव्हा मला आधी ते खरंच वाटेना.

बागेत गेल्यावर वाटलं. झाडं शेंड्याकडून वाळत आली होती. पानं पिवळी, फळं सुपारीएवढी होऊन खाली गळलेली. दीर बांधावर बसले होते, बागेकडे पाठ करून.

"बघवत न्हाय, वैनी," ते म्हणाले. "रोज मरताना बघण्यापरीस एकदाच पाडल्यालं बरं. ऊस लावतो."

दुर्लक्ष झालं होतं म्हणावं, तर उलटच. आपल्याकडे स्वच्छ रान ही माणसाची अब्रू समजतात. सोयरिकीला पाहुणे आले की चहा झाल्यावर त्यांना रान दाखवायला नेतात, आणि तिथे तण दिसलं तर ती बातमी पाहुण्यांच्या आधी त्यांच्या गावी पोचते. म्हणून बागेत गवत दिसलं रे दिसलं की ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर फिरून माती उलथायचा. गळलेला पाला गोळा करून पेटवून द्यायचा. झाडांखालची जमीन सारवलेल्या अंगणासारखी दिसायची, आणि खरं सांगायचं तर मलाही ती तशीच आवडायची. त्यात आपण पडलो ऊसवाले. उसाला पाण्याची पाळी आली की बांध फोडून तेच पाणी चिकूला, बुंधे तुडुंब बुडेपर्यंत. उसाला युरिया टाकला की चिकूलाही टाकायचा. झाडांनी बरीच वर्षं हे सोसलं.

एक झाड मात्र हिरवंगार होतं. गोठ्याच्या मागचं. म्हशींनी खाऊन उरलेलं वैरणीचं चगाळ धाकटी आजी रोज त्याच्या बुडात टाकते. ते झाड तिने आम्हाला दाखवलं.

"ह्याला का रोग न्हाय मग? एकाच दिवशी लावल्यात की सगळी."

"ते उकिरड्याकडंचं झाड," दीर वैतागून म्हणाले. "तिथं ट्रॅक्टर वळत न्हाय, पाणी चढत न्हाय, कोण..." आणि बोलता बोलता ते थांबले. ते तडक गोठ्यात गेले आणि पहार घेऊन आले.

बागेत पहार वीतभर आत गेली आणि दगडावर आपटावी तशी थांबली. गोठ्यामागच्या झाडाखाली ती हातातून सुटल्यासारखी खाली गेली. मग दोन्हीकडे त्यांनी थोडं खणलं. चगाळाखाली काळीभोर, भुसभुशीत माती, गांडुळं, आणि अगदी वरच्या थरात दोऱ्यासारखी पांढरी मुळं. बागेत यातलं काहीच नव्हतं. मी नंतर वाचून काढलं, तेव्हा उलगडा झाला. चिकूची अन्न घेणारी मुळं बरीचशी वरच्याच थरात असतात. रोटाव्हेटर दर खेपेला तीच तोडत होता. त्याच्या पात्यांखालची माती दबून दबून घट्ट झाली होती, त्यावर पाणी तुंबत होतं आणि उरलेली मुळं गुदमरत होती. मातीला खायला म्हणून झाड जो पाला खाली टाकत होतं, तो आपण जाळत होतो.

"एक वर्ष थांबा," मी दिरांना म्हटलं. "पाडायचीच तर पुढच्या दिवाळीला पाडा."

"वैनी, कालेजात पोरांस्नी नापास करताना तुम्ही असं वरीसभर थांबत हुता काय?"

"पुरवणी परीक्षा असायची की."

ते हसले. पण जेसीबीवाल्याला त्यांनी नको म्हणून सांगितलं नाही. फक्त तारीख पुढे ढकलली.

मग काम सुरू झालं. रोटाव्हेटर बंद केला. गवत विळ्याने कापायचं आणि तिथेच पसरायचं. ऊस तुटल्यावर जो पाला दरवर्षी फडातच पेटवतात, तो भारे बांधून बागेत आणला. पावसाचं पाणी ओढ्याकडे निघून जावं म्हणून चर काढले. बुंध्यापासून लांब गोल आळी केली आणि पाणी त्यातच, तेही बेताने.

सगळ्यात अवघड गेलं ते लोकांचं बोलणं. गारगोटीहून दिरांचे व्याही आले. बागेत पाऊल टाकताच म्हणाले, "काय इवाई, बाग टाकून दिली काय? तण भांगलायला बायका मिळंनात व्हय? आमच्याकडनं धाडू का चार?"

दीर कसनुसे हसले. पाहुणे वाटेला लागताच खराटा घेऊन थेट बागेकडे निघाले. धाकटी आजी आडवी उभी राहिली.

"त्या खराट्यानं दार झाडा. हितलं एक पान जरी हललं, तर मी म्हायेरला गेलेच म्हणून समजा."

"ह्या वयात म्हायेरला? तिथं कोण हाय तुझं?"

"कोण नसंना! कुलूप काढून ऱ्हाईन."

खराटा परत आला. पण उन्हाळा सरला तरी झाडांवर काहीच दिसेना. उलट आणखी काही वाळली. दीर पुन्हा बागेकडे पाठ करून बसायला लागले, आणि मलाही वाटायला लागलं की आपण त्यांचं दुःख उगीच वर्षभर लांबवलं. जुलैत पाऊस धो धो लागला. अशा पावसात बागेत दरवर्षी घोट्याएवढं पाणी आठवडाभर उभं असायचं. मी इकडे कोल्हापुरात माझ्या घरी खिडकीशी बसून तेवढीच काळजी करत होते. एका सकाळी धाकट्या आजीचा फोन आला. "आक्का, पाणी मुरलं! आत्ता बागंतनं फिरून आले, डबकं म्हणून न्हाय कुठं!"

गणपती झाल्यावर मी गेले. दीर मला झाडागणिक थांबवत होते. फांद्यांच्या टोकांना कोवळी, तांबूस पालवी होती. पाल्याखाली हात घातला की माती ओली आणि सैल लागत होती. काही झाडं गेली ती गेलीच. पण बाग जगली होती.

आम्ही तिघं बागेतच असताना दिरांना जेसीबीवाल्याचा फोन आला. दिवाळीनंतरची तारीख पक्की धरू का, असं तो विचारत होता.

"न्हाय पाडायची!" दीर एवढ्या मोठ्याने ओरडले की ओढ्याकडचे बगळे उठले. "आरं न्हाय म्हंजे न्हाय! वाळल्याली? ती आमी कुऱ्हाडीनं काढतो. तू मशीन आत घालू नगंस, माती दबती!"

इस्त्रीच्या साडीनिशी मी तिथेच झाडाखाली पाल्यात बसले.

"वैनी, खाली ओल हाय! पातळ खराब हुईल."

"होऊ दे," मी म्हटलं. धाकटी आजीही येऊन शेजारी टेकली. ओल साडीतून आत येत होती, गार लागत होतं, आणि आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसून राहिलो.