ग्रोथचा आतला अर्थ आणि बाहेरचा

आईच्या गळ्यावरची गाठ साधी निघाली, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याला उगाच धाकधूक नको. खरी पंचाईत पुढेच होती. गाठ साधी आहे हे आईला काही केल्या पटेना, आणि ते न पटण्याला कारण मी होते.

इंग्रजी कागद आला की आमच्या गल्लीतली माणसं तो उलटसुलट करून पाहतात आणि माझ्या दारात येऊन उभी राहतात. बँकेचं पत्र असो, पोराच्या नोकरीचा ईमेल असो, नाहीतर दवाखान्याचा रिपोर्ट. बुऱ्हाणपुरात उभी हयात मी हिंदी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे जगात इंग्रजीत जे काही लिहिलं जातं ते सगळं मला कळतं, असा लोकांचा पक्का समज आहे. सुरुवातीला मी चिडायचे. राग तसाही माझ्या नाकावरच असतो. "अहो, मी मास्तरीण आहे, डॉक्टर नाही," असं एका काकांना सुनावलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, इंग्रजीच आहे ना हे? मग?" मी चष्मा शोधायला लागले.

पुढे रिपोर्ट वाचण्याची आमच्याकडे एक रीतच पडून गेली. पेशंट आत बैठकीत पंख्याखाली बसतो. त्याच्यासमोर मी कागद वाचते आणि मराठीत किंवा हिंदीत, ज्याला जे जवळचं असेल त्यात, अर्थ सांगते. हा झाला आतला अर्थ. मग सोबत आलेला मुलगा, सून, जावई, जो कोणी असेल तो चपला शोधत दारापुढच्या ओट्यावर रेंगाळतो. त्याला सोडायच्या निमित्तानं मी बाहेर जाते आणि तोच कागद दुसऱ्यांदा सांगते. हा बाहेरचा अर्थ. आतला अर्थ पेशंटला झोप लागावी म्हणून असतो. बाहेरचा असतो तो इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात कधी न्यायचं, हे घरच्यांना ठरवता यावं म्हणून. पेशंटलाही हे ठाऊक असतं. बाहेर काय बोलणं झालं, हे मात्र तो कधी विचारत नाही. हासुद्धा रीतीचाच भाग.

या कामात मला सगळ्यात जास्त छळलं ते 'ग्रोथ' या शब्दानं. शाळेत काय गरीब शब्द होता तो! झाडाची ग्रोथ, मुलांची ग्रोथ, शहराची ग्रोथ, अशी उदाहरणं फळ्यावर लिहायची, हिंदीत 'वृद्धि' नाहीतर 'विकास' सांगायचं, आणि तास संपायचा. घरी मराठीत सरळ 'वाढ'. माझा मोठा भाऊ जवळच्याच बहादरपूरला केळी लावतो. त्याच्या तोंडी तर हा शब्द मराठीच होऊन गेलाय. "यंदा ग्रोथ एक नंबर आहे," असं तो बागेकडे हात करून म्हणतो, तेव्हा त्याला इंग्रजी बोलल्यासारखं मुळीच वाटत नाही. टीव्हीवरची माणसं देशाची ग्रोथ सांगतात, दुकानदार धंद्याची. सगळीकडे आनंदीआनंद. एकदा एक बाई पोराच्या लघवीचा रिपोर्ट घेऊन आली. त्यावर 'नो ग्रोथ' असं लिहिलेलं तिला कुणीतरी वाचून दाखवलं होतं, आणि पोराची वाढच खुंटली या समजुतीनं ती वाटभर रडत आली होती. जंतू वाढले नाहीत एवढाच त्याचा अर्थ, हे सांगितल्यावर तिनं पोराला उचललं आणि माझ्यादेखत त्याचे पटापट मुके घेतले.

पण हाच शब्द 'नो'शिवाय आला की माझी जीभ अडायची. तिथे त्याचा अर्थ गाठ. आणि गाठ हा शब्द आत, पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या तोंडावर मला कधीच उच्चारता आला नाही. "थोडी वाढ दिसतेय," असं मी म्हणायचे. वाढ हा मराठीत वाईट शब्द नाही. वाढदिवसात तो आहे, पगारवाढीत आहे. समोरचा माणूस मान डोलवायचा, पाणी प्यायचा आणि घरी जायचा.

शेजारच्या काकूंच्या कागदातला 'ग्रोथ' मोठ्यानं वाचून मी त्यांनाही तसंच सांगितलं होतं. त्या दिवशी आई तिथेच खिडकीजवळच्या पलंगावर मेथी निवडत बसली होती. काकू निघाल्या, मी त्यांच्या मुलाला घेऊन ओट्यावर गेले, आणि त्याच्याशी अगदी हळू आवाजात बोलून परत आले. आईनं मेथीतून मान वर केली नाही. पुढे काकू त्याच दुखण्यात वारल्या. 

मग आईच्याच गळ्यावर सुपारीएवढी गाठ दिसायला लागली. डॉक्टरांनी सुई घालून नमुना घेतला आणि तपासायला पाठवला. गाठ दिसल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचा महिना कसा गेला ते माझं मला माहीत. आई नेहमीसारखी वावरत होती. बदलले होते मी. तिनं लोणच्याच्या बरणीत हात घातला की एरवी मी खेकसायचे. आता मीच फोड वाढत होते. ती टीव्ही मोठ्यानं लावायची, मी म्हणायचे, "राहू दे गं." दादाही रोज फोन करायला लागला. एरवी त्याचा फोन आठवड्यात आला तरी आम्ही त्याला काय झालं म्हणून विचारायचो.

रिपोर्ट दादानंच आणला. दुपारची वेळ होती. लिफाफा माझ्या हातात देऊन तो आत आलाच नाही. ओट्यावरच्या खांबाला टेकून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी आतल्या खोलीत जाऊन कागद उघडला. 'ग्रोथ' हा शब्द होताच, दुसऱ्याच ओळीत.  मग त्याच्या आधीचा शब्द दिसला: बेनाइन. माझ्या शाळेच्या शब्दकोशात त्याचा अर्थ कनवाळू, दयाळू असा दिला होता. दवाखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ साधी, न पसरणारी, जिवाला धोका नसलेली. तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना, म्हणून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, अगदी साधी आहे. काढायचीही घाई नाही. मधूनमधून दाखवत राहा." माझा जीव भांड्यात पडला. दयाळू ग्रोथ! त्या क्षणी मला शब्दकोशाचाच अर्थ जास्त बरोबर वाटला.

मी धावतच बैठकीत गेले. "आई, काही नाही गं! साधी गाठ आहे. डॉक्टरांना पण विचारलं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. भाजीवाला ताजी आहे म्हणतो तेव्हा ती त्याच्याकडे पाहते, तसं.

"ग्रोथ लिहेल आहे का त्यात?" तिनं विचारलं.

"लिहिलंय, पण त्याच्या आधी..."

"हं." तिनं पदर मांडीवर सारखा केला. "बाजूवाल्या काकूले पण तू असंच सांगितलं होतं."

"काकूंचं वेगळं होतं, आई. तुझी शपथ घेऊन सांगते."

"शपथ नको घेऊ. मी कुठं म्हणते तू खोटं बोलून राहिली? तू गोड बोलून राहिली. महिना झाला, गोडच बोलून राहिली."

मी कागद तिच्यासमोर धरला, शब्दावर बोट ठेवलं, पुन्हा अर्थ सांगितला. इतकी वर्षं वाईट बातम्या लोकांच्या गळी उतरवल्या, आणि आज हातात धडधडीत चांगली बातमी असताना ती माझ्या आईच्या गळी उतरत नव्हती. ती नुसती मान डोलवत होती, काकूंनी डोलवली होती तशीच. मला रडू फुटायची वेळ आली.

"जाय," आई शेवटी म्हणाली. "दादा बाहेर उभा आहे. त्याले सांगून ये."

आणि ती पलंगावर खिडकीच्या बाजूला सरकून बसली. तिला बाहेरचा अर्थ ऐकायचा होता, हे न समजायला मी काही लहान नव्हते. मनात म्हटलं, ऐक. बाहेरही हेच सांगणार आहे, पण तुला पटेल असं कसं सांगू?

ओट्यावर गेले. "दादा, साधी आहे. डॉक्टरांशी पण बोलले."

दादा मटकन पायरीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग हात खाली घेऊन म्हणाला, "सकाळपासून छातीत धडधड होऊन राहिली होती यार."

"सकाळपासून?" मी विचारलं. "रिपोर्ट कधी मिळाला तुला?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "दवाखाना उघडला तवाच."

"आणि आत्ता आणून देतोस? दुपारी?"

"हिंमत नाही झाली. नदीपर्यंत गेलो, गाडी लावली, बसलो थोडा."

माझं डोकंच फिरलं. "खिशात घेऊन नदीवर बसलास? इकडे आम्ही जीव मुठीत धरून बसलोय आणि तू हवा खात होतास?"

"आणि तू?" दादाही उठला. "तूच म्हटली ना, रिपोर्ट आला की इंदूरले जावं लागेल, आजची कटाई कॅन्सल कर? बागेत माल तयार उभा आहे. व्यापारी ट्रक घेऊन वापस गेला!"

"मग केळी मोठी की आई?"

"ओय, असं नको बोलू हं! मी म्हटलं का केळी मोठी?"

"मग ट्रकचं कशाला काढलंस?"

"तू नदीचं कशाला काढलं?"

लहानपणी भांडायचो तसेच आम्ही भांडत होतो, हातवारे करून, एकमेकांचं वाक्य तोडून. समोरच्या घरातली बाई दारात आली. दोन मोटारसायकलवाले गाडी हळू करून पाहून गेले. मला लाज वाटायला हवी होती, पण इतके दिवस छातीत साठलेलं सगळं बाहेर पडत होतं आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. दादाचंही तसंच असणार. ओरडता ओरडता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता.

तेवढ्यात खिडकीतून हसण्याचा आवाज आला. आई गजाला धरून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत धावले, दादा माझ्या मागे, चपलांसकट.

"पटलं मले," आई म्हणाली. "काकूच्या पोराले सांगितलं, तवा मी याच खिडकीत कान लावून बसली होती. तुझा एक शब्द ऐकू नव्हता आला. आज आख्ख्या गल्लीनं ऐकलं."

आणि मग ती रडली. रिपोर्टच्या त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. दादानं तिचे पाय धरले, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कितीतरी वेळानं तिनं नाक पुसलं आणि माझा हात घट्ट धरला.

"यापुढं मले आत एक अन् बाहेर एक असं नको करू. जे असेल ते माझ्यासमोर सांग. मरायचंच असलं तर मले आधी कळलं पाहिजे की नाही?"

मी हो म्हटलं. मग न राहवून विचारलं, "फार भीती वाटत होती का गं?"

"गाठीची नाही वाटली," आई म्हणाली. "तू माझ्यावर ओरडणं सोडून दिलं होतं ना, त्याची वाटत होती."