आमच्या घरातली विचित्रवीणा

आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. साताऱ्याच्या आमच्या कॉलनीत बहुतेक घरं माजी सैनिकांचीच. कुणी बँकेत वॉचमन झालं, कुणी जर्सी गाय घेतली. ह्यांनी विचित्रवीणा घेतली.

दिल्लीला असताना एका मैफलीच्या बंदोबस्ताला हे उभे होते. तिथं ते वाद्य ऐकलं आणि डोक्यात बसलं. ते वाजवणारे आता फारसे उरले नाहीत, असंही कुणीतरी सांगितलं. "मग आपणच वाजवायला पाहिजे," हे म्हणाले. एखादी चौकी रिकामी पडलीय, अशा सुरात.

मिरजेच्या एका कारागिरांच्या माळ्यावर अशी एक वीणा मोडून पडली होती. त्यांनी भोपळे नवे बसवले, तारा चढवल्या आणि विचारलं, "सुभेदारसाहेब, शिकवणार कोण?"

"कॅसेट आहे की."

लेकीला निरोप देताना बाप जावयाकडे बघतो, तसं कारागिरांनी ह्यांच्याकडे बघितलं.

येताना एसटीत एक भोपळा ह्यांच्या मांडीवर, दुसरा माझ्या. कराडला चढलेल्या एका म्हातारीनं माझ्या भोपळ्यावर टिचकी मारली. "लय जून झालाय गं बाई. ह्याची भाजी व्हायची न्हाई."

सतारीसारखे पडदे ह्या वीणेला नसतात. काचेचा गुळगुळीत बट्टा तारांवरून सरकवत सूर आपला आपण शोधायचा. ह्यांना तो सापडायचा, पण वाटेत बाकीच्या सगळ्या सुरांची गाठ घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई झोपल्या होत्या. ह्यांनी खोलीचं दार लावून रियाज सुरू केला. थोड्या वेळानं शेजारीण डोळ्यांना पदर लावत पिठलं-भाकरी घेऊन आली. तिच्या मागं कॉलनीतले तीन-चार माजी सैनिक अंगणात माना खाली घालून उभे.

"वहिनी, म्हातारी कवा गेली?" त्यातल्या एकानं विचारलं.

"कुठं गेली?"

"आवं, आतलं रडणं पार रस्त्यावर ऐकू येतंय की!"

तेवढ्यात सासूबाई केस बांधत बाहेर आल्या. "कोण गेलं गं?"

शेजारीण किंचाळून मागं सरली. खुलासा झाल्यावर सासूबाईंनी तिच्या हातातलं ताट शांतपणे घेतलं. "आणलंच हाय तर ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

मी मात्र ह्यांना बजावलं, गुरू केल्याशिवाय बट्ट्याला हात लावायचा नाही. मग हे दर रविवारी सांगलीला, सतार शिकवणाऱ्या एका बाईंकडे जाऊ लागले. बाईंनी विचित्रवीणा कधी हातातही धरली नव्हती. पण कान तयार. "आठवडाभर फक्त सा," त्यांनी हुकूम सोडला. वयानं कितीतरी लहान त्या, पण हुकूम म्हटल्यावर ह्यांना बरंच वाटलं. आठवडाभर घरात सा. मग महिनाभर सा आणि रे.

अशी दोनेक वर्षं गेली. एका संध्याकाळी मी ओट्यापाशी तांदूळ निवडत होते आणि हात आपोआप थांबला. आत भूप चालला होता. खरा भूप, एकही सूर इकडं-तिकडं नाही. बाहेर शेजारी झाडांना पाणी घालायचं सोडून पाइप धरून उभे. पाणी त्यांच्याच चपलांवर.

"वहिनी, टेप लय भारी हाय."

"टेप नाही. हेच वाजवतायत."

"गप बसा वो!"

हे आत सगळं ऐकत होते. बाहेर आले नाहीत. तोच आलाप पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, जरा जास्तच जोरात, आणि तिसऱ्याच सुराला घसरले.