खाप्याच्या शेतात: पाणी की पेन्सिल?

खाप्याला कोणी मुद्दाम फिरायला जातं का, असं तुम्ही विचाराल. मी गेले होते, ऐंशीच्या दशकात, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि सोबत दोन पोती वायर होती. प्रश्न आमच्या सरांचा. वीस-तीस किलोमीटर खाली खडक घट्ट आणि कोरडा असतो, त्यातून वीज वाहायला नको. पण मोजायला जावं तर वाहते. कशामुळे? सर म्हणायचे, फटींतलं खारं पाणी. दुसरा पक्ष म्हणायचा, ग्रॅफाइट, म्हणजे शिसपेन्सिलीतला तो काळा पदार्थ, खडकाच्या कणाकणांमध्ये पातळ थरासारखा पसरलेला. मी अर्थातच सरांच्या पक्षात. मार्क त्यांच्याच हातात होते ना!

नागपूरहून सावनेरची एसटी आणि तिथून खाप्याची दुसरी. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की हवा एकदम मोकळी होते. सावनेरला उतरून तर्रीपोहे जरूर खा, आम्ही दोन-दोन प्लेट खाल्ले. तिकीट आणि पोहे दहाच्या नोटेत भागायचे, वर चहापुरते उरायचे. प्रयोगशाळेतले आमचे सहायक देवतळेकाका वायरच्या पोत्यावर ऐसपैस बसले, तेव्हा कंडक्टरने हटकलंच.

"एवढी तार कुठं नेऊन राहिले गा? लाइनमन हाय का?"

"नाही बा," काका म्हणाले, "जमिनीची नाडी पाहाले चाललो."

कन्हान नदीच्या अलीकडे शेवंतामावशींच्या शेतात आम्हाला वायर पसरायला परवानगी मिळाली. मावशी आणि त्यांचे मालक, म्हणजे यजमान, दोघं मिळून ते शेत कसत. काटोलच्या बहिणीसारखी आपलीही संत्र्याची बाग असावी, हा मावशींचा ध्यास होता. पण बागेला विहीर हवी, आणि विहीर खणायची ऐपत आयुष्यात एकदाच येणार होती. पाहुणचार म्हणून ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा समोर आला. डोळ्यांतून पाणी काढत मी तीन भाकरी हाणल्या.

खोलवरचं मोजमाप म्हणजे नुसतं बसून राहणं. जमिनीत आपोआप वाहणाऱ्या अगदी बारीक विजेची नोंद यंत्र तासन्‌तास घेत राहतं. मावशींच्या भाकरीला जागायचं म्हणून मी दुसरं लहान यंत्र काढलं, बॅटरी जोडली आणि त्यांच्या शेतात वीज कुठे सहज वाहते ते पाहिलं. वरच्या कोपऱ्यात काटा असा सरकला की मी टाळीच वाजवली.

"मावशी, इथेच खणा. पाणी आहे!"

"पक्कं ना वं पोरी? पानाड्यानं नारळ धरून दुसरीकडं सांगतलं होतं."

"नारळाला काय कळतं?" मी ऐटीत म्हणाले. त्या हसल्या आणि परवा सकाळपासून खोदाईची माणसं सांगून आल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात मातीची भांडी पुरायची होती. या सच्छिद्र भांड्यांत मोरचुदाचं पाणी भरतात आणि जमिनीतला विजेचा दाब मोजतात. मोरचूद बघून मावशी खूश झाल्या. "हे तं संत्र्याच्या झाडाले फवारतात!" मी हाताने खड्डा करू लागले. हातभर खाली गेले आणि बोटं काळीशार, चमकदार, गुळगुळीत झाली. धुतली तरी जाईनात. तिथला एक तुकडा वहीवर ओढला, तर स्वच्छ रेघ उठली. अगदी पेन्सिलीसारखी. मग भांडी जोडली, बॅटरी न लावता. तरीही काटा भलताच सरकला. पाणी असं करत नाही, ग्रॅफाइट मात्र जमिनीत स्वतःच बॅटरीसारखं वागतं. ही तपासणी मी कालच करायला हवी होती. टाळ्या पिटण्यात राहून गेली.

काका हळूच म्हणाले, "सांगतं का उद्या जाऊन, का आजच?"

मी त्याच पावली मावशींच्या अंगणात गेले. त्या खोदणाऱ्या माणसांसाठी ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी काळे हात पुढे केले.

"मावशी, माझी चूक झाली. तिथे पाणी नाही, शिसं आहे."

"शिसं? बंदुकीच्या छर्‍यातलं?"

"नाही हो, पेन्सिलीतलं. नावाचंच शिसं."

त्यांनी ज्वारीचं सूप बाजूला सारलं. मला रडूच कोसळलं. मग त्यांनी माझे हात आपल्या पदराने पुसले, पदर काळा झाला तरी पुसत राहिल्या. "रडतं काहून वं? पानाड्या चुकला का कधी सांगाले आला? तू आली." आणि मालकांना हाक मारून खोदाई पुढे ढकलली.

तिसरा दिवस आम्ही सरांच्या मोजमापाला चक्क सुट्टी दिली. पूर्ण शेत फिरलो, प्रत्येक ठिकाणी दोन्ही तपासण्या केल्या. खालच्या बांधाजवळ वीज सहज वाहत होती आणि भांड्यांचा काटा मात्र गप्प होता. मी जागेवर खुंटी ठोकली, पण या वेळी टाळी वाजवली नाही. "पाण्याची आशा आहे, मावशी. खात्री नाही," एवढंच म्हणाले. तुम्ही जाणार असाल तर आमच्यासारखं जानेवारीतच जा. हुरडा मिळतो आणि कन्हानच्या काठावर ऊन गोड लागतं.

नागपूरला परतल्यावर सरांना सगळं सांगितलं. वीज वाहते म्हणून पाणीच असेल असं वरच्या दहा हातांतही म्हणता येत नाही, मग वीस किलोमीटर खाली कसं म्हणायचं, असं मी विचारलं. सर आधी रागावले, मग त्यांनी मला ते प्रबंधात लिहू दिलं. मार्क बरे पडले. पण माझा जीव अडकला होता खालच्या बांधाजवळ. उन्हाळाभर मी पोस्टमनची वाट पाहिली आणि रोज स्वतःला शिव्या घातल्या.

श्रावणात मावशींचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. "विहिरीले पाणी लागलं. गोड हाय. संत्र्याची कलमं लावून झाली. एक खड्डा तुह्यासाठी रिकामा ठेवला. लवकर ये, पाऊस खड्डा बुजवून राहिला."

रविवारच्या पहिल्या एसटीने मी निघाले.