दसऱ्याला ओरबाडलेला कांचन

आमच्या गल्लीतल्या लोकांना फुलांचे फक्त रंग ठाऊक आहेत. बहावा फुलला की 'पिवळं झाड', गुलमोहर फुलला की 'लाल झाड', आणि आश्विनात सप्तपर्णीचा वास सुटला की 'नाली तुंबली वाटते'. अमरावतीत कॅम्पच्या रस्त्यावर सकाळी बुचाच्या फुलांचा पांढरा सडा पडलेला असतो. त्यावरून गाड्या जातात, आणि गाडीवाल्याला विचारलं तर वर झाड आहे हेच त्याला नवं असतं. मला याचा राग येतो. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचा कसला राग? मला त्या 'एवढ्याशा'चाही राग येतो.

झाडांची ओळख मला बाबांनी करून दिली. राग मात्र माझा मीच कमावला, कारण बाबा रागावत नाहीत. ते अकोल्याच्या शाळेत गणित शिकवायचे. मी लहान असताना ते बाजारात जाता-येता रस्त्यावरच्या झाडापाशी थांबायचे आणि विचारायचे, "हे कोण होय?" 'काय' नाही, 'कोण'. दारात आलेल्या पाहुण्याची विचारपूस करावी तसं. मी पान बघून घाईघाईने नाव ठोकून द्यायची आणि ते मान हलवायचे. "पानावर नोको जाऊ, बाई. फूल येऊ दे." फूल पाहिल्याशिवाय कोणालाही नाव द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. घरात बाकी शिस्त फारशी नव्हती, पण हा नियम कधी मोडला नाही.

अकोल्याच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला दोन कांचन होते. एक फाल्गुनात फुलायचा, पानं गळालेल्या फांद्यांवर, फिकट गुलाबी. दुसरा कार्तिकात, भर पाल्यातून, गडद जांभळा. हा दुसरा आईचा. आईचा म्हणजे एवढंच की रोज सकाळी त्याच्या पाकळ्या तीच झाडायची आणि रोज त्याला शिव्याही तीच घालायची. "फुलते थे फुलते, अन् सांडते माह्याच दारात." मात्र झाडून झालं की एक धड फूल उचलून तुळशीपाशी ठेवायची, आणि मगच चहाला लागायची.

आई गेली, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात समोरच्या दुकानाला गाड्या लावायला जागा हवी म्हणून दोन्ही झाडं गेली. त्याआधी, वैशाखात, शेंगा तडकत होत्या. अकोल्याच्या त्या उन्हात कांचनाची शेंग फटाक्यासारखी फुटते आणि बिया लांब उडतात. बाबांनी रस्त्यावरून वेचून बिया खिशात भरल्या. दोन्ही झाडांच्या बिया एकत्र झाल्या, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं. रुजवलेल्यांपैकी एकच रोप तगलं. ते त्यांनी अमरावतीला आणून माझ्या घराच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावलं. तेव्हापासून त्यांचा प्रश्न ठरलेला. फोनवर आधी तब्येत, मग पाऊसपाणी, आणि शेवटी, "फुललं का थे?"

फुललं नव्हतं. झाड माझ्या डोक्यावर गेलं, मग गच्चीला टेकलं. फाल्गुनामागून फाल्गुन कोरडे गेले, तेव्हा मला वाटायला लागलं की हा कार्तिकातला असणार, आईचा. पण कार्तिकापर्यंत त्याला पोहोचू देतो कोण? आधी दसरा येतो.

दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतात. आता शहरात आपटा शोधून सापडत नाही. कांचनाचं पानही तसंच, मधे चिरलेलं, जोडपान. पण आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत. कांचनाचं मोठं आणि मऊ. हातात घेतलं तर डोळे मिटूनही फरक कळावा. पण पूजेची घाई असते, फुकटचं झाड दारापाशी असतं, आणि मग सगळी गल्ली त्याच्यावर तुटून पडते. पानंही खुडत नाहीत, फांद्याच मोडतात. कळ्या धरायच्या त्या शेंड्यांनाच, आणि शेंडेच जातात.

मी काय नाही केलं? समजावलं, भांडले, शेवटी पाटी लावली: 'हा आपटा नाही. कांचन आहे. कृपया तोडू नये.' कोपऱ्यावरच्या घरातल्या भाऊंनी ती पाटी माझ्यादेखत मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता फांदी वाकवली. मी म्हटलं, "भाऊ, हे सोनं नाही." ते म्हणाले, "काय फरक पडते, ताई? सोनं म्हटलं की सोनं. झाडाले काय, परत फुटते." पालथ्या घड्यावर पाणी. हा माणूस बँकेत बनावट नोट उजेडात धरून ओळखतो.

यंदा बाबा माझ्याकडेच राहायला आले. न्हाणीत पडल्यापासून त्यांना एकटं ठेवता येत नाही. समोरच्या ओट्यावर त्यांची खुर्ची, आणि खुर्चीसमोर ते झाड. त्यांना आता फार काही बघायचं उरलेलं नाही. तीर्थयात्रा नको, नातवंडांची लग्नं नकोत. हे झाड कोण, एवढं कळलं की झालं. आणि यंदा नवरात्रात खरंच शेंड्यांवर कळ्या दिसल्या, लांबट, टोकदार. मी म्हटलं, "बाबा, आईचंच होय हे." ते म्हणाले, "फूल येऊ दे."

नवरात्रभर मी राखण केली. दसऱ्याच्या सकाळीही हातात झाडू घेऊन उभी होते आणि तीन टोळकी परतवली. लोक हसत होते, हसोत. दुपारी मात्र बाबांनी हट्ट धरला की अकोल्याच्या जुन्या मित्राला सोनं द्यायला जायचंच. दर वर्षी जातात, आणि त्या मित्राचं आता काही खरं नाही. एव्हाना सगळ्यांचं सोनं नेऊन झालं असेल, असं मी धरून चालले. बाजारातून खऱ्या आपट्याची जुडी घेतली आणि आम्ही गाडी करून गेलो.

दिवेलागणीला परत आलो तेव्हा दारात फक्त खोड होतं, आणि त्याला लोंबणारी साल. एक जाड फांदी बुंध्यापासून फाटली होती. तिच्यावर कोणीतरी चढलं असणार. पाटी खाली चिखलात पडली होती. मी ती उचलून कुंपणाला टेकवली. बाबांनी एकदा वर पाहिलं, काठी टेकत ओट्यावर गेले आणि खुर्चीत बसले.

मग ते लोक यायला लागले. स्वच्छ कपडे, कपाळाला कुंकू, हातात आमच्याच झाडाची पानं. "सोनं घ्या काकाजी, सोन्यासारखे राहा." बाबांच्या तळहातावर बाबांचंच झाड ठेवायचे आणि वाकून पाया पडायचे. बाबा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. मी ओट्यावर येऊन म्हटलं, "तुमाले राग कसा येत नाही?"

"येते न," ते म्हणाले. "पण दारात आलेल्याचं सोनं नाही घेतलं त थो काय समजन?"

समजू दे की, मी म्हटलं. एकदा तरी समजू दे.

त्यांच्या मांडीवर पानांचा ढीग झाला होता. तो उचलताना एका काडीला कळी दिसली. ती आता उमलणार नव्हती. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि अंगठ्याच्या नखाने हळूच उभी चिरली. आत पाकळ्या घडी घालून ठेवल्या होत्या, ओल्या, चुरगळलेल्या, गडद जांभळ्या. ते बराच वेळ बघत राहिले.

"तुह्या मायचं होय," ते म्हणाले, आणि मूठ मिटली.

तेवढ्यात फाटक वाजलं. कोपऱ्यावरचे भाऊ. हातात पानं. "काकाजी, सोनं घ्या."

बाबांनी मूठ उघडली नाही. "आता नोको, भाऊ," ते म्हणाले.

भाऊ गोंधळले. 'बरं बरं' म्हणत पानं ओट्याच्या कठड्यावर ठेवून ते निघाले. मी ती उचलली, फाटकापाशी त्यांना गाठलं आणि परत त्यांच्या हातात ठेवली.

"हे माह्या मायचं होय," मी म्हटलं. "तुमी वाटून नोका राहू."