सांध्याखालची फूट

जांभळ्या गुलाबाचा हट्ट बायकोचा. कोल्हापुरातल्या आमच्या घरामागच्या परड्यात तिने लाल-पिवळे गुलाब वर्षानुवर्षं जगवले होते. हा मात्र वांग्याच्या सालीसारखा गडद, झुडूप होऊन पसरणारा. नर्सरीतून कलम आणून लावलं आणि पंधरा दिवसांत तिने अंथरूण धरलं.

तपासणीचा रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो. आजार यकृतापर्यंत पोचला होता. आता फार करण्यासारखं नाही, डॉक्टर म्हणाले. मी तिथल्या तिथे ठरवलं, हिला कळू द्यायचं नाही. मुलीलाही दम भरला. घरी येऊन सांगितलं, "गोळ्या लागू पडल्यात म्हणं. दिवाळीपतोर उठून बसशील बघ." आपल्याकडे रीतच आहे ती. साऱ्या पै-पाहुण्यांना फोन करून सांगायचं, फक्त पेशंटला सांगायचं नाही.

मला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. आयुष्य वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात गेलेलं. पण तिला रोज सांगायला काहीतरी चांगलं हवं होतं, म्हणून मी त्या गुलाबाच्या मागे लागलो. शेणखत घातलं, मोजून पाणी घातलं. महिन्याभरात बुडातून एक नवी फूट अशी जोरात आली, की मी पलंगाशी जाऊन हाताने तिची उंची दाखवू लागलो.

"सांध्याच्या वरनं आलीया का खालनं?" तिने एकदा विचारलं.

कलमात रानटी गुलाबाच्या खोडावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरून सांधा केलेला असतो. सांध्याखालून फुटतं ते रानटी. ते वेळीच उपटलं नाही, तर वरचा चांगला गुलाब उपाशी मरतो. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा न बघताच मी ठोकून दिलं, "वरनंच की."

दसऱ्यानंतर एका सकाळी ती म्हणाली, मला परड्यात न्या. मी तिला उचलूनच नेलं. अंगात वजन म्हणून उरलं नव्हतं. खुर्चीत बसल्यावर तिने त्या हिरव्यागार झुडपाकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून बुडाची माती बोटाने उकरली.

"ह्यो रानटी हाय," ती म्हणाली. "माझा गुलाब कवाच वाळलाय."

मी घाईघाईने म्हणालो, उद्याच दुसरं कलम आणतो. ती चिडली नाही. हाताची माती पदराला पुसत म्हणाली, "तुमी वाकून बघितलंच न्हाईसा."

"न्हाय."

"आन् रिपोर्ट? त्यो तर बघितलासा न्हवं?"

तीन महिने घोकलेलं खोटं ओठांवर तयार होतं. पण त्या उकरलेल्या मातीसमोर ते बोलायची हिंमत झाली नाही. मी खाली जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. किती दिवस उरलेत, हेही सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "पोरीला ठावं हाय?"

"व्हय."

तोवर ती रडली नव्हती.

"म्हंजे तीन म्हयनं तुमी सगळी माझ्याम्होरं नुसतं हासत हुतासा," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबला.

त्यानंतर ती एकवीस दिवस होती. त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं अख्ख्या संसारात बोललो नसू. आधीचे तीन महिने मीच तिच्यापासून हिरावून घेतले. प्रेमापोटी केलं, असं लोक समजूत घालतात. खरं सांगतो, मी भ्यालो होतो.