कावेरीचं जाळीचं वाडगं

कावेरी माझी मैत्रीण. मांजरसुंब्याच्या चौकात तिच्या अप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत ती चिनीमातीची भांडी घडवते. छत्रीची काडी घासून केलेल्या सुरीनं त्यांना जाळी कोरते. पानं, वेली, कळ्या. कोरायला माती ओली चालत नाही, वाळलेलीही नाही. मधली वेळ थोडीच असते. ती चुकली की भांडं तडकतं.

मोठं वाडगं तिला जमत नव्हतं. आधीची सगळी तडकली होती. हेही गेलं तर भट्टी विकायची, असं तिनं अप्पांना कबूल केलं होतं.

त्या दुपारी माती नेमकी कोरण्याजोगी झाली आणि युसूफ वडगाव या गावाहून पाहुणे तिला बघायला आले. तिनं वाडग्यावर प्लास्टिक झाकलं, साडी नेसली. मी पोह्यांच्या बशा भरल्या.

ट्रे घेऊन ती बाहेर गेली आणि जागीच थांबली. मागोमाग मीही. वाडगं टीपॉयवर होतं. उघडं. वर पंखा गरगरत होता.

"शरणार्थ कर की पाव्हण्यांना," नमस्काराची खूण करत अप्पा म्हणाले. मग कौतुकानं पाहुण्यांकडे वळले. "हे बघा, आमच्या पोरीच्या हातचं."

कावेरीनं ट्रे माझ्या हातात दिला. पंखा बंद केला. काठ वाळून पांढरट पडला होता. ओलं फडकं काठाला गुंडाळून ती फरशीवर बसली आणि बुडाकडून कोरायला लागली.

"आता गं बया!" मुलाची आत्या, भामाबाई, पदरानं वारा घेऊ लागली. "उकडून काढती का काय ही आमाला?"

"पंखा लाव गं," अप्पा मला हळूच म्हणाले.

"अप्पा, बोलू नका. हात हालतोय."

मुलगा हसला. "एवढी भोकं कावून? वरण गळंल की."

"फळं ठेवायला हाय. वरण तुमच्या घरी खा."

मी ट्रे धरून तशीच उभी. पोहे गार झाले.

तेवढ्यात काठाशी बारीक आवाज आला. तडा. कावेरीनं ओठ दाबले, सुरी आडवी धरली आणि तड्याखालून सगळा काठच कापायला घेतला.

"कळवतो," म्हणत पाहुणे उठले. तिनं मान वर केली नाही.

अप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले. "गेलं का गं?"

"काठ गेला. ठेंगणं झालं. जाळी हाय अजून."

त्यांनी बोट पुढं केलं, मागं घेतलं. "मग भट्टी कधी लावायची?"

"सुकू द्या आधी. भाजताना बी तडकंल."

अप्पा तिथंच बसून राहिले. वाडग्याला वारा लागेल म्हणून घाम पुसायलाही हात उचलेनात.