उद्याची तारीख

अमरावतीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसून माझा एक सहकारी शेतकऱ्यांच्या वारस-नोंदीची वेबसाइट करायचा. त्या वर्षांत हे काम खूप होतं. "तयार साच्याले, जेनेरिक व्ह्यूले, आपला फॉर्म क्लास, म्हंजे रकाने अन् त्याइचे नियम, देऊन द्या लागते," म्हणायचा, "दाखवनं, तपासनं, ठेवनं सोताच करते."

चाचणीला तो दरवेळी मृताच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकायचा आणि मृत्यूची तारीख उद्याची. फॉर्म लाल अक्षरांत नकार द्यायचा. हा हसायचा. "पाह्य, नाई म्हन्ते."

एका संध्याकाळी हिरवी अक्षरं उमटली : नोंद झाली.

"तपासणी काढली का बे?" मी विचारलं.

"नाई. उद्याची घेत नाई, आजची घेते," म्हणत त्याने डबा उचलला.

माझं घर उलट्या दिशेला. तरी मी त्याच्यासोबत बडनेऱ्याच्या ऑटोत बसलो.